कुंडी पडली, की पाडली?

मराठी ही अत्यंत दयाळू भाषा आहे, असं माझं अलीकडे मत झालं आहे. कप फुटला तर आपल्याकडे कोणी "मी कप फोडला" असं म्हणत नाही. "माझ्या हातून कप फुटला" असं म्हणतात. म्हणजे कप आपला आपण फुटायला निघालाच होता, वाटेत माझा हात लागला, त्यावरून तो पुढे गेला, एवढंच. पुण्याची गाडी लोणावळ्यावरून मुंबईला जाते म्हणून मुंबईत जे काही होतं त्याला लोणावळा जबाबदार धरत नाहीत, तसंच हे. फुटणं अकर्मक, फोडणं सकर्मक. शाळेत हा फरक मला कधी कळला नव्हता. संसारात पडल्यावर चांगला कळला.

मात्र ही दया स्वतःपुरती असते. तोच कप कामवाल्या बाईंच्या हातातून पडला की "बाईंनी कप फोडला" असं वाक्य आपोआप तयार होतं. कप तोच, फरशी तीच, तुकडेही साधारण तितकेच, पण क्रियापद एकदम सकर्मक होतं. शब्दांचंही तसंच आहे. मी छत्री बसमध्ये विसरलो तर तो वेंधळेपणा. वेंधळेपणात एक प्रकारचा गोडवा आहे. प्रोफेसर, कवी वगैरे मंडळी वेंधळी असतात. शेजारच्याने नळ उघडा ठेवला तर तो गलथानपणा. आणि ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाने काही केलं, तर तो हलगर्जीपणा. हलगर्जीपणा हा शब्द मी कोणाला स्वतःबद्दल वापरताना ऐकलेला नाही. तो फक्त वर्तमानपत्रात आणि पोलीस चौकीत राहतो.

हे सगळं व्याकरण मला सुचलं ते एका मोगऱ्याच्या कुंडीमुळे.

त्याचं असं झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीला ग्रिल नाही. ते बसवायचं आमच्याकडे १९९८ सालापासून चाललं आहे. गॅलरीत दोन कुंड्या होत्या, एकीत मोगरा आणि दुसरीत जे काही उगवेल ते. जूनमधल्या एका रविवारी सकाळी मला गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायची लहर आली. खुर्चीच्या जागी मोगरा होता. मी तो उचलून कठड्यावर ठेवला. "दोन मिनिटं" असं मनाशी म्हणालो. माझी दोन मिनिटं आमच्या घरात प्रसिद्ध आहेत. सौभाग्यवतींनी संध्याकाळी विचारलं, "ती कुंडी तिथे का?" मी म्हटलं, "उचलतो." सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं, "अहो, ती कुंडी!" मी म्हटलं, "उचलतो म्हटलं ना!" या दुसऱ्या वाक्यात पहिल्या वाक्यापेक्षा दोन शब्द जास्त आहेत. बाकी काही प्रगती नाही.

मंगळवारी सकाळी आठ चाळीसला वाऱ्याची एक झुळूक आली. वादळ नव्हे, वावटळ नव्हे, साधी झुळूक. पेपरचं पान उलटेल एवढी. कुंडी खाली गेली.

आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली फाटकाकडे जाणारी फरसबंद वाट आहे. तळमजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा रोज आठ चाळीसला तिथे दप्तर घेऊन उभा असतो. स्कूलव्हॅन यायची वेळ ती. त्या दिवशीही तो उभा होताच, पण पाण्याची बाटली घरात विसरला म्हणून आईने त्याला परत पिटाळलं होतं. "रोज काहीतरी विसरतोस! एक दिवस डोकं विसरशील!" हे तिचं वाक्य मी वर ऐकलं, आणि पाठोपाठ तो आवाज ऐकला. दप्तर वाटेवरच होतं. कुंडी दप्तराच्या पट्ट्यावर पडली होती.

मूल वेंधळं होतं म्हणून वाचलं. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

खाली माणसं जमली. मुलाच्या आईने त्याला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला. सेक्रेटरी बनियनवर आले. सगळ्यांच्या माना वर झाल्या, आणि त्या मानांच्या टोकाशी मी उभा होतो. तेवढ्यात आमच्या बाई हातात केरसुणी घेऊन गॅलरीत आल्या. आवाज ऐकून आल्या होत्या, पण खालून पाहणाऱ्याला दिसत होत्या केरसुणी, बाई आणि मोकळा कठडा. सेक्रेटरींनी हिशेब केला आणि वर ओरडून मला विचारलं, "बाईंचा धक्का लागला का हो?"

मी म्हणालो, "असेल."

तीन अक्षरं. खोटं म्हणावं तर खोटं नाही. मी "लागला" म्हणालो नाही, नुसती एक शक्यता मांडली. तशी शक्यता मंगळावर पाणी असण्याचीही असते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन केर काढू लागल्या.

त्यानंतरचे दोन दिवस मी विचार करत होतो. मी विचार करतोय म्हणजे सहसा काही करत नाही, असं घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण हा विचार मी शास्त्रीय पद्धतीने करायचं ठरवलं. आधी अपराधाचं वजन काढावं म्हटलं. घरात वजनकाटा आहे, डॉक्टरांनी सांगितल्यामुळे घेतलेला. त्यावर आधी नुसता उभा राहिलो, अडुसष्ट किलो. मग उरलेली दुसरी कुंडी पोटाशी धरून उभा राहिलो, सत्त्याहत्तर. म्हणजे ओल्या मातीसकट कुंडी नऊ किलोंची. कुंडी कवटाळून काट्यावर उभा असलेला नवरा पाहून सौभाग्यवती काहीही न बोलता स्वयंपाकघरात परत गेल्या. तीसपस्तीस वर्षांच्या संसारात माणूस प्रश्न विचारणं सोडतो.

पुढे शाळेतलं गणित. तिसऱ्या मजल्याचा कठडा जमिनीपासून साधारण दहा मीटर. दहा मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग तासाला पन्नास किलोमीटर असतो, आणि तिला खाली यायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. दीड सेकंदात "अरे" म्हणून होतं, "बाजूला हो" म्हणून होत नाही. पन्नासच्या वेगाने नऊ किलो. मी वही मिटली.

मग एका वकीलस्नेह्यांना फोन केला. "समजा एखाद्याची कुंडी पडली," अशी मी सुरुवात केली. वकिलांना "समजा" या शब्दाची सवय असते. ते म्हणाले, "माणूस मेला का?" मी म्हटलं, "नाही." "मग फार काही नाही." निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या भारतीय दंड विधानाच्या ३०४अ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या १०६व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली. आणि जीव धोक्यात आला पण कोणाला काहीच झालं नाही, तर १२५वं कलम. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तेसुद्धा कोणी तक्रार केली तर," वकील म्हणाले, आणि वर, "एखाद्याला सांगा, ग्रिल बसवून घे."

म्हणजे एका बाजूला पाच वर्षं, दुसऱ्या बाजूला अडीच हजार रुपये, आणि मधे काय? प्लास्टिकची एक पाण्याची बाटली. कुंडी मी ठेवली त्यात फरक नाही. दोन दिवस उचलली नाही त्यातही नाही. सगळा फरक एका मुलाने केला, आणि तोही विसरून. आमचा भाचा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर येतो तसा आनंद आला. या प्रश्नाला नाव आहे म्हणाला, नैतिक नशीब. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ साली यावर लिहिलं. नेगेलचं उदाहरण असं की एका माणसाने गाडीचे ब्रेक तपासून घेतले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला मुलाचा मारेकरी समजेल. मूल आलं नाही तर त्याला आपले ब्रेक आठवणारही नाहीत. दोघांचा निष्काळजीपणा गुंजभरही कमीजास्त नाही. मग दोष कमीजास्त कसा?

"मग उत्तर काय?" मी विचारलं.

"उत्तर नाही, मामा. प्रश्न फार चांगला आहे."

तत्त्वज्ञानाचे पगार कमी का असतात ते मला त्या क्षणी समजलं.

पण भाच्याने एक उपयोगी गोष्ट सांगितली. जुन्या रोमन लोकांना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो झटक्यात सोडवला होता. रोममध्ये तीनचार मजली, कधी त्याहून उंच चाळी असत आणि खाली अरुंद बोळ. वरून कोणी काही फेकलं आणि एखादा स्वतंत्र नागरिक मेला, तर त्या खोलीत राहणाऱ्याला पन्नास सोन्याची नाणी दंड. इथवर आपल्यासारखंच. पण दुसरा एक नियम होता, आणि सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने कायद्याचं संकलन करवलं त्यातही तो आला आहे. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, पडली तर इजा होईल अशी वस्तू वर ठेवली किंवा टांगली, की दहा सोन्याची नाणी दंड. ती वस्तू पडायची वाट बघायची नाही. झुळूक यायची वाट बघायची नाही. ठेवली, की भरा!

म्हणजे माझा गुन्हा मंगळवारी आठ चाळीसला घडलाच नव्हता. तो रविवारी सकाळी पेपर वाचतावाचता घडला होता, आणि मंगळवारी फक्त त्याचा आवाज झाला. हे मला पटलं. पटलं म्हणून जास्त त्रास झाला. कारण मग हिशेब वाढतो. रविवारी, सोमवारी त्या वाटेने किती जण गेले? दूधवाला, पोस्टमन, पहिल्या मजल्यावरच्या काठी टेकत जाणाऱ्या आजी. आणि आयुष्यातल्या ज्या कुंड्या पडल्याच नाहीत, त्यांचं काय? गॅस बंद केला की नाही ते न बघता गाठलेली स्टेशनं, मागे न बघता वळवलेली स्कूटर. मी स्वतःला सज्जन समजत आलो. तो सज्जनपणा बऱ्याच अंशी इतरांच्या पाण्याच्या बाटल्या विसरण्यावर उभा असावा.

मोठ्यामोठ्यांचंही असंच होतं म्हणा. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक नवंकोरं बोइंग एक्केचाळीस हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. इंधन मोजायचे काटे बंद होते म्हणून हिशेब हाताने केला, आणि किलोंच्या जागी पौंड धरले. बावीस हजार तीनशे किलो हवं होतं, तितके पौंड भरलं. विमानात एकोणसत्तर माणसं. पण वैमानिकाला बिनइंजिनाची ग्लायडर विमानं उडवायचा छंद होता. त्याने ते अवाढव्य धूड तरंगत आणून गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. त्या कप्तानाला आधी पदावरून खाली उतरवलं आणि पुढे त्याच्या कौशल्याबद्दल सन्मानपत्रही दिलं. एकाच माणसाला एकाच दिवसाबद्दल शिक्षा आणि बक्षीस! माझ्या बाबतीत बक्षिसाचा भाग काही केल्या सापडेना.

असे रोम आणि कॅनडा करत मी दोन दिवस काढले. तिकडे बाईंचे दोन दिवस वेगळे जात होते. बुधवारी जिन्यातल्या फळ्यावर नोटीस लागली : "कामवाल्या बायकांनी गॅलरीत काम करताना काळजी घ्यावी. पुन्हा असा हलगर्जीपणा झाल्यास संबंधितांस सोसायटीत प्रवेश मिळणार नाही." पाहा, हलगर्जीपणा आलाच. गुरुवारी सौभाग्यवतींनी सांगितलं की तळमजल्यावरच्यांनी बाईंना कामावरून कमी केलं. बाई त्यांच्याकडे धुणंभांडी करत होत्या, महिना पंधराशे. "त्या तरी काय करतील? आपल्या मुलाच्या डोक्यावर कुंडी पाडणारी बाई घरात कोण ठेवेल?" पाडणारी. सकर्मक.

"बाई काही म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार? 'माझा हात लागला नाही' म्हणाल्या. सगळ्याच तसं म्हणतात."

त्या रात्री मला दशरथ आठवला. लहानपणी श्रावणबाळाचा धडा होता. त्यावर "आईवडिलांची सेवा" या विषयाचा निबंध लिहावा लागे, आणि त्यात दशरथ फक्त कथा संपवायला यायचा. खरं तर ती गोष्ट दशरथाची आहे. रात्रीच्या काळोखात शरयूकाठी बुडबुड आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं, आणि न बघता बाण सोडला. शब्दवेधी बाण मारता येतो याचा अभिमान होता. म्हणजे कला चांगली, वापर गलथान. (या राजाला न बघता सोडायची सवयच असावी. पुढे कैकेयीला वर देतानाही त्याने काय मागशील ते विचारलं नाही.) पण त्यानंतर त्याने जे केलं ते निबंधात कधी कोणी लिहिलं नाही. त्याने तोच घडा पाण्याने भरला, त्या आंधळ्या म्हाताऱ्यांच्या झोपडीपाशी गेला आणि "मी मारला" असं सांगितलं. "माझ्या हातून बाण सुटला" म्हणाला नाही. काळोख होता, साक्षीदार नव्हता, म्हातारे आंधळे होते. राजा घोड्यावर बसून अयोध्येला गेला असता तरी कोणाला कळलं नसतं. शाप त्याला मिळालाच. पण वाल्मीकीच्या रामायणात तो म्हातारा असंही सांगतो की तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस, तर तुझ्या डोक्याची शकलं झाली असती.

मला काही बाण मारता येत नाही. पण घडा घेऊन जाण्याइतपत अंतर होतं. तीन जिने.

शुक्रवारी सकाळी आधी सौभाग्यवतींना सांगितलं. "मला मंगळवारीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मग बोलला का नाहीत?" "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." म्हणजे या घरात दोघंजण दोन दिवस गप्प होते. त्यावर आमचं भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. दोघंही चहा पीत बसलो.

मग सेक्रेटरी. ते अस्वस्थ झाले. नोटीस लॅमिनेट करून लावली होती. "आता ही काढायची म्हणजे..." ते म्हणाले. मी म्हटलं, "काढू नका, नाव बदला. 'कामवाल्या बायकांनी' खोडा आणि 'तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी' लिहा." ते हसले. मी हसलो नाही म्हणून मग तेही थांबले. संध्याकाळी फळा मोकळा होता. दुसरी नोटीस मात्र लागली नाही. चूक बाईंची असते तेव्हा ती लॅमिनेट करतात, काकांची असते तेव्हा ती तोंडी असते.

तळमजल्याचं दार वाजवायला मला वेळ लागला. मुलाची आई दारात आली. मी सगळं सांगितलं. रविवार, खुर्ची, पेपर, दोन मिनिटं आणि "असेल". "चुकून" हा शब्द तीनदा जिभेवर आला, तीनदा गिळला. ती रागावेल अशी मी तयारी केली होती. ती रागावली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "काका, मी बाईंना काय काय बोलले, माहीतेय तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. तिने सांगितलंही नाही. नवीन बाई ठेवली होती, तिला आता लगेच काढता येत नव्हतं. मुलगा तिच्या मागून डोकावून म्हणाला, "आजोबा, ती कुंडी तुमची होती? दुसरी कधी पडणार आहे?"

बाईंना सांगणं सगळ्यात सोपं जाईल असं वाटलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्या भांडी घासत होत्या, हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "रविवारी तुम्हीच ठेवली. मी सोमवारी तिला हात न लावता केर काढला. म्हटलं, साहेबांची वस्तू हाय, हलवली आन् फुटली तर माझ्यावर येईल."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. ती कुंडी बाईंनी सोमवारी खाली ठेवली असती. ठेवली नाही, कारण आमच्या घरात फुटलेल्या कपांचं व्याकरण त्यांना पाठ होतं.

तळमजल्याचे पंधराशे मी दर महिन्याला देईन म्हणालो. वाटलं, त्या नको म्हणतील, आणि मग मी आग्रह करीन. त्यांनी साबणाचा हात कोपराने सरसावला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "दोन महिन्याचं द्या. तंवर दुसरं काम बगते. फुकटचं नगं." दोन महिन्यांचे दिले. दुसऱ्याच महिन्यात त्यांना पलीकडच्या इमारतीत काम मिळालं. आमच्याकडे अजून येतात. पूर्वी मला "साहेब, चहा झाला का?" असं विचारायच्या, आता थेट सौभाग्यवतींना विचारतात.

ग्रिल बसलं. दुसरी कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात जमिनीवर आहे आणि तिला रोज माझा पाय लागतो. आठ चाळीसला मी गॅलरीत असतोच. तो मुलगा आता वाटेवर उभा राहत नाही, फाटकाच्या पलीकडे उभा राहतो, पाण्याची बाटली गळ्यात घालून. मी वरून हात हलवतो. तो आधी कठडा नीट बघून घेतो, आणि मग हात हलवतो.